सरकत्या गेटला फोटोसेल बसवायचे आहेत: किती जोड्या, किती उंचीवर, वायरिंग कसं?

सेक्रेटरीताई_कोथरूड

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीचं मुख्य गेट लोखंडी, सरकतं आहे. दोन खांबांमधली मोकळी जागा ५ मीटर. २४ व्होल्ट डीसीची मोटर पूर्वेकडच्या खांबामागे, आतल्या बाजूला आहे. उघडताना गेट पूर्वेच्या भिंतीला लागून आतून सरकतं, बंद होताना पश्चिमेच्या खांबाला येऊन टेकतं. मोटर बसवणाऱ्याने फोटोसेल (वाटेत कोणी आलं की किरण तुटून गेट थांबवणारे सेन्सर) लावलेच नाहीत. मोटरच्या कंट्रोल बोर्डवर ‘फोटो’ आणि ‘कॉम’ या दोन टर्मिनलमध्ये तांब्याच्या वायरचा तुकडा अडकवून दिला आहे. विचारलं तर म्हणाला, वॉचमन असतो ना. संध्याकाळी मुलं गेटपाशीच सायकली फिरवतात, त्यामुळे हे असं ठेवायचं नाही असं कमिटीत ठरलं आहे.

तपकीर गल्लीतून फोटोसेलच्या दोन जोड्या आणल्या आहेत. ट्रान्समीटर (किरण पाठवणारा) आणि रिसीव्हर (किरण घेणारा) वेगळे, १२/२४ व्होल्ट, पाकिटावर रेंज १५ मीटर. ट्रान्समीटरला दोन टर्मिनल, रिसीव्हरला पाच: प्लस, मायनस, कॉम (सामाईक), एनओ (एरवी उघडं), एनसी (एरवी जोडलेलं). वायरमन नेहमीचा आहे, घरगुती काम उत्तम करतो, पण गेटचं काम त्याने केलेलं नाही.

प्रश्न असे. एक जोडी पुरेल की दोन्ही लावाव्यात? उंची किती? एनओ वापरायचं की एनसी? रस्त्याखालून २५ मिमीचा एक पाइप आधीच गेला आहे, पण त्यात खांबावरच्या दिव्याची २३० व्होल्टची वायर आहे. त्यातूनच सेन्सरची वायर ओढली तर चालेल का? आणि गेटची रेषा पूर्व-पश्चिम आहे, संध्याकाळचं ऊन थेट गेटच्या रेषेत येतं. त्याचा त्रास होईल का?

गेटवायरिंग_धायरी

ताई, एक गोष्ट आधी पक्की करा. सेन्सर बिघडला, वायर तुटली, सेन्सरची वीज गेली, उंदराने केबल कुरतडली, काहीही झालं तरी गेट मिटता कामा नये. उघडं राहिलेलं गेट वॉचमन हाताने ओढून घेईल. न थांबणारं गेट मुलाला चेपेल.

म्हणूनच बोर्डाचं फोटो इनपुट एनसी पद्धतीचं असतं. सर्किट जोडलेलं आहे तोवर बोर्ड वाट मोकळी समजतो, तुटलं की अडथळा समजतो. तो तांब्याचा तुकडा म्हणजे बोर्डाला चोवीस तास ‘वाट मोकळी आहे’ असं सांगणं.

गोंधळ पुढे होतो. रिसीव्हरच्या आत छोटा रिले (विजेवर चालणारा स्विच) असतो. किरण मिळतोय तोवर बहुतेक सेन्सरमध्ये तो ओढलेला असतो. टर्मिनलवरची नावं काही कंपन्या ‘किरण लागलेला असताना’ची स्थिती धरून छापतात, काही ‘वीज नसताना’ची स्थिती धरून. त्यामुळे एका सेन्सरवरचं एनसी ते दुसऱ्यावरचं एनओ निघतं. छापलेल्या अक्षरांवर जाऊ नका, मल्टिमीटर लावा.

खांबाला भोक पाडण्याआधी दोन्ही जोड्या टेबलावर तपासा. १२ व्होल्टचा अॅडॉप्टर चालेल. सेन्सरवर १२/२४ निवडायचा जम्पर (दोन पिना जोडणारा छोटा तुकडा) असेल तर तो १२ वर घ्या आणि नंतर गेटवर जाताना २४ वर आणायला विसरू नका. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोनेक मीटरवर समोरासमोर ठेवा, मीटर बीपवर, एक टोक कॉमला, दुसरं एनसीला. किरण लागलेला असताना बीप वाजली पाहिजे. मध्ये हात धरला की थांबली पाहिजे. आणि आता रिसीव्हरचा प्लस काढा: बीप बंदच राहिली पाहिजे. ही तिसरी चाचणी बहुतेक जण सोडून देतात आणि खरी परीक्षा तीच आहे. एनसीवर तीनपैकी एक जरी चुकली तर कॉम आणि एनओवर तेच करून पाहा. ज्या टर्मिनलवर तिन्ही बरोबर येतील ते वापरायचं, त्यावर छापलेलं काही का असेना. दोन्हींपैकी कुठेच तिन्ही जमत नसतील तर तो सेन्सर गेटवर लावू नका, परत करा.

जोडणी. बोर्डवर अॅक्सेसरीसाठी २४ व्होल्टची जागा असते, तिथून प्लस-मायनस सगळ्या सेन्सरना समांतर द्या. डीसी असेल तर उलटसुलट होऊ देऊ नका. ही जागा जास्तीत जास्त किती मिलिअँपिअर देते ते बोर्डाच्या माहितीपत्रकात असतं; दोन जोड्या आणि लुकलुकणारा दिवा मिळून त्याच्या आत बसले पाहिजेत. आधी मीटरने प्रत्यक्ष व्होल्टेजही मोजा. लोड नसताना २४ ऐवजी २७-२८ दाखवणारे बोर्ड असतात. सेन्सरची कमाल मर्यादा बघून घ्या.

दोन्ही रिसीव्हरचे कॉन्टॅक्ट एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये. बोर्डाच्या कॉमपासून पहिल्या रिसीव्हरच्या कॉमला, त्याच्या एनसीपासून (किंवा मीटरने सापडलेल्या टर्मिनलपासून) दुसऱ्याच्या कॉमला, दुसऱ्याच्या एनसीपासून बोर्डाच्या ‘फोटो’ला. एकाचाही किरण तुटला की सर्किट तुटलं. पॅरलल जोडलं तर एक तुटला तरी दुसरा सर्किट पूर्ण ठेवतो आणि गेट चालत राहतं. बोर्डवर दोन स्वतंत्र फोटो इनपुट असतील तर प्रत्येकाला एकेक रिसीव्हर द्या, दोष शोधायला सोपं जातं. मात्र त्यातलं एक फक्त उघडताना काम करणारं नाही ना, हे आधी वाचा. आणि जोडणी झाल्यावर तो तांब्याचा तुकडा काढून टाका. सेन्सर जोडलेले, दिवे लागलेले, पण तो तुकडा, म्हणजे जम्पर, तसाच, अशी गेटं पुण्यात शेकड्याने सापडतील.

२३० व्होल्टच्या पाइपमधून सेन्सरची वायर अजिबात नको. नुसता गोंगाट उचलते म्हणून नाही. त्या पाइपमध्ये पावसाचं पाणी साचतं, कुठेतरी इन्सुलेशन सोललेलं असतं, आणि मग बोर्ड तर जळतोच, शिवाय खांबावरच्या सेन्सरला २३० व्होल्ट येऊ शकतात. तुमच्याकडे पेव्हर ब्लॉक असतील तर एक ओळ उचलून दीड फूट खोल चर घ्या, वेगळा २५ मिमीचा एचडीपीई पाइप टाका, आत जीआय तार ठेवून द्या. एका दिवसाचं काम आहे.

केबल ०.७५ चौ.मिमी, सहा कोअर (आत सहा वायरी). समोरच्या खांबावर एक ट्रान्समीटर आणि एक रिसीव्हर येणार (का ते खाली कोणी तरी सांगेलच), त्याला चार वायरी लागतात: प्लस, मायनस आणि कॉन्टॅक्टच्या दोन. उरलेल्या दोन राखीव. व्होल्टेज ड्रॉपचा बाऊ करू नका. ०.७५ च्या तांब्याला किलोमीटरला साधारण २५ ओहम. केबल १२ मीटर धरली तर जाऊन-येऊन २४ मीटर, म्हणजे ०.६ ओहम. १०० मिलिअँपिअरला ०.०६ व्होल्ट गेले. जाड वायर घ्यायची ती टर्मिनलमध्ये नीट पकडली जावी म्हणून. टोकांना फेरूल (तारांवर चढवायची धातूची छोटी नळी) दाबा. नुसत्या पिळलेल्या तारा स्क्रूखाली सैल होतात आणि पहिल्या पावसात हिरव्या पडतात.

लेव्हलपाइप

वरच्यांनी वायरिंग नीट सांगितलं आहे. बसवण्याबद्दल लिहितो.

दोन्ही जोड्या लावा. एक रस्त्याच्या बाजूने, खांबाच्या बाहेरच्या तोंडावर, गेटच्या पत्र्यापासून १० ते १५ सेंटिमीटरच्या आत. जास्त लांब नेली तर किरण आणि गेट यांच्यामध्ये मूल उभं राहू शकतं आणि सेन्सरला ते दिसतच नाही. दुसरी आतल्या बाजूने, तशीच गेटजवळ.

उंची ४५ ते ५० सेंटिमीटर. कारचा बंपर, सायकल, लहान मूल, कुत्रं, सगळं त्यात येतं. पण पाण्याचा टँकर किंवा कचऱ्याची गाडी आली की पुढच्या-मागच्या चाकांमधल्या मोकळ्या जागेतून किरण आरपार जातो, बोर्डला वाटतं गाडी गेली, आणि ऑटोक्लोजचा (गेट आपोआप मिटायचा) वेळ संपला की गेट टँकरच्या कुशीत शिरतं. तुमच्याकडे टँकर रोज येत असेल तर आतली जोडी १ मीटरच्या आसपास घ्या, बाहेरची खालीच ठेवा. टँकर उभा असताना ऑटोक्लोज बंद करायची बटणाची सोय वॉचमनकडे असलेली सगळ्यात चांगली.

उंची जमिनीपासून टेपने मोजू नका. पाणी वाहून जावं म्हणून गेटपाशी जमिनीला उतार दिलेला असतो. ५ मीटरमध्ये दोन-चार इंचांचा फरक सहज पडतो. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी आणा, एका खांबावर खूण करा, नळीतल्या पाण्यावरून दुसऱ्या खांबावर खूण घ्या. मग सेन्सर हलवत बसावं लागत नाही.

सेन्सर खांबाच्या काँक्रीटला किंवा विटेला घट्ट बसवा. गेटच्या मार्गदर्शक रोलरचा जो लोखंडी चौकट-पाइप असतो त्यावर नको. गेट आपटलं की तो थरथरतो आणि किरण क्षणभर चुकतो. गेट अधूनमधून उगाच उलटं फिरतं अशी तक्रार असली की मी आधी सेन्सर कशावर बसवलाय ते बघतो.

आता ऊन. पूर्व-पश्चिम गेट हे सगळ्यात अवघड. रिसीव्हरचं तोंड पश्चिमेला असेल तर मावळतीचा सूर्य थेट त्याच्या डोळ्यात येतो. किरण तरंगांच्या ठराविक ठोक्याने पाठवलेला असतो, त्यामुळे साधं ऊन त्याला ट्रान्समीटर वाटत नाही. पण प्रखर ऊन रिसीव्हरला दिपवतं, त्याला खरा किरणही ओळखता येत नाही, आणि गेट मिटायला नकार देतं. मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीस पुण्यात सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो. जून आणि डिसेंबरमध्ये तो पश्चिमेपासून सुमारे २५ अंश बाजूला असतो. म्हणजे जूनमध्ये बसवलेला सेन्सर छान चालेल आणि सप्टेंबरात रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास गेट अडेल. लोक तेव्हा बोर्ड बदलतात, कारण मात्र आकाशात असतं.

दोन जोड्या शेजारी असताना दोन्ही ट्रान्समीटर एकाच खांबावर लावू नयेत. किरण ५ मीटरवर चांगला पसरतो आणि एकाचा ट्रान्समीटर दुसऱ्याच्या रिसीव्हरला दिसतो. एका जोडीचा ट्रान्समीटर पूर्वेला, दुसरीचा पश्चिमेला, असं उलटसुलट ठेवा. याचा अर्थ तुमचा एक रिसीव्हर पश्चिमेकडे बघणारच. कोणती जोडी तशी ठेवायची ते बघून ठरवा: संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा गेटपाशी उभं राहून ज्या जागी समोरच्या इमारतीची किंवा झाडाची सावली पडते तिथे तो रिसीव्हर. त्याला वर आणि बाजूंनी १० सेंटिमीटर पुढे येणारी काळ्या रंगाची टोपी करा. पीव्हीसी पाइपचा तुकडा आतून काळा रंगवला तरी चालतो, पण तो समोरच्या ट्रान्समीटरच्या आड येऊ देऊ नका.

रिफ्लेक्टरवाला

एवढा खटाटोप कशाला? रिफ्लेक्टरवाला सेन्सर घ्या. सेन्सर मोटरच्या बाजूला, समोर फक्त लाल-पांढरा रिफ्लेक्टर. रस्ता खोदायला नको, केबल नको. एकच जोडी पुरते. शटर आणि पार्किंगच्या बऱ्याच ठिकाणी हेच लावतात.

गेटवायरिंग_धायरी

छपराखाली, शटरला, बेसमेंट पार्किंगच्या तोंडाशी हे चालतं, त्याबद्दल वाद नाही. उघड्यावरच्या गेटला मी लावणार नाही. किरण जाऊन परत येतो, म्हणजे धूळ, धुकं, पाऊस त्याला दोनदा खातात. रिफ्लेक्टरवर चिखल उडाला की संपलं. आणि तो साधा असेल, पोलराइज्ड (फक्त रिफ्लेक्टरवरून आलेला किरण ओळखणारा) नसेल, तर क्रोमचा बंपर किंवा नव्या गाडीचं चकचकीत दार स्वतःच किरण परत पाठवतं. सेन्सरला वाटतं रिफ्लेक्टर दिसतोय, आणि गेट गाडीवर मिटतं. हा दोष असुरक्षित बाजूचा आहे म्हणून मला तो चालत नाही.

खोदकाम टाळायचंच असेल तर बॅटरीवर चालणारा ट्रान्समीटर मिळतो. तो समोर बसवायचा, वायर लागत नाही. बॅटरी संपली की किरण थांबतो, गेट मिटत नाही, म्हणजे दोष सुरक्षित बाजूचा. फक्त बॅटरी बदलायची जबाबदारी कोणाची हे लिहून ठेवा. ताईंनी वायरवाले आधीच आणले आहेत, त्यामुळे चर खणणंच बरं.

एक जोडी की दोन, याबद्दल: फोटोसेल एक रेषा बघतो, जागा बघत नाही. दोन रेषा या मुलं खेळतात त्या गेटला किमान आहेत.

वीजतपासणी_काका

वरचं सगळं सेन्सरचं झालं. गेट आणि वीज याबद्दल थोडं.

काम सुरू करण्याआधी मोटरचा २३० व्होल्टचा पुरवठा एमसीबीवरून बंद करा, एमसीबीच्या खोक्याला कुलूप किंवा निदान पाटी लावा, आणि बॅटरी बॅकअप असेल तर बॅटरीची वायरही सोडवा. मेन बंद असून बॅटरीवर गेट चालू होतं आणि बोट रॅक (गेटवरची दातेरी पट्टी) आणि दातेरी चक्रात सापडतं. मोटरचं चावीवालं मॅन्युअल रिलीज उघडून ठेवून मगच हात घाला. मोटरला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग आहे का, हेही याच वेळी बघून घ्या. गेटची चौकट आणि मोटरची बॉडी दोन्ही अर्थला जोडलेली हवीत.

आणि ताई, फोटोसेलइतकंच महत्त्वाचं: गेटला दोन्ही टोकांना मजबूत स्टॉपर आहेत का? लिमिट स्विच (गेट टोकाला आलं की मोटर थांबवणारा) बिघडला आणि स्टॉपर नसला तर सरकतं गेट मार्गदर्शक रोलरमधून बाहेर येऊन आडवं पडतं. तीनशे-चारशे किलोचं लोखंड. त्याच्यापुढे कुठलाच सेन्सर उपयोगाचा नाही. स्टॉपर वेल्ड केलेला हवा, एका बोल्टवर अडकवलेला नको. मॅन्युअलवर टाकून गेट हाताने दोन्ही टोकांपर्यंत ढकलून बघा.

मोटरचा जोरही तपासा. युरोपीय मानकात ५० ते ५०० मिमीच्या फटीत गेटचा धक्का जास्तीत जास्त ४०० न्यूटन, म्हणजे साधारण ४० किलोचा भार, आणि तोही पाऊण सेकंदाच्या आत कमी झाला पाहिजे असं आहे. तुमच्याकडे मोजायचं यंत्र नसेल, पण बोर्डवरचा फोर्स शंभर टक्क्यांवर ठेवलेला असेल तर तो कमी करून गेट जेमतेम सुरळीत चालेल इथवर आणता येतो. बसवणारे तक्रार नको म्हणून पूर्ण वर ठेवून जातात. गेट जड चालत असेल तर जोर वाढवण्याआधी चाकं आणि खालचा रूळ साफ करा.

सेक्रेटरीताई_कोथरूड

सगळ्यांचे आभार. चर खणून वेगळा पाइप टाकला, स्टॉपरही पाहिले. पूर्वेचा नुसत्या बोल्टवर होता, तो वेल्ड करून घेतला.

टेबलावरच्या चाचणीत आमच्या सेन्सरचं ‘एनओ’ छापलेलं टर्मिनल तिन्हींत बरोबर आलं. ‘एनसी’वर वीज काढल्यावर बीप वाजत राहते. म्हणजे छापलेल्यावर विश्वास ठेवला असता तर उलटं झालं असतं.

आता बसवल्यावरच्या अडचणी. बाहेरच्या जोडीत हात धरला की रिसीव्हरमध्ये टक असा आवाज येतो, त्याचा दिवा विझतो, पण मिटणारं गेट थांबत नाही. आतल्या जोडीत हात धरला तर टक आवाजच येत नाही, दिवा तसाच लागलेला. वायरमनने दोन्ही ट्रान्समीटर पश्चिमेलाच लावले आहेत. म्हणाला, दोन कोअरची केबल हाताशी होती.

गेटवायरिंग_धायरी

हे दोन वेगळे दोष आहेत, एकत्र शोधू नका.

बाहेरची जोडी: रिले तुटतोय, म्हणजे सेन्सर ठीक, बोर्डपर्यंत बातमी जात नाही. पहिला संशय जम्परचा. पुरवठा बंद करून ‘फोटो’ आणि ‘कॉम’मधल्या सेन्सरच्या दोन्ही वायरी सोडवा आणि त्या टर्मिनलवर मीटर लावा. बीप वाजली तर तो तुकडा अजून कुठेतरी अडकलेला आहे. काही बोर्डांवर तो कव्हरखाली कारखान्यातूनच प्लगसारखा बसवलेला असतो. बीप नसेल तर बोर्डाचं सेटिंग बघा. डिप स्विच (बोर्डवरचे छोटे सरकते स्विच) किंवा मेन्यूमध्ये फोटो ‘बंद’ असा पर्याय असतो आणि तो बंदवर असला की इनपुटला काहीही जोडा, बोर्ड बघतच नाही. बोर्डवर त्या इनपुटचा छोटा दिवा असेल तर काम सोपं: वाट मोकळी असताना लागलेला, हात धरला की विझलेला. दिवा विझतोय आणि तरी गेट चालतंय तर दोष नक्की सेटिंगचा.

आतली जोडी: तिचा रिसीव्हर बाहेरच्या ट्रान्समीटरकडे बघतोय. खात्री करायला बाहेरच्या ट्रान्समीटरचा प्लस काढा आणि आतल्या जोडीत हात धरा. आता दिवा विझला तर तेच. हा दोष सगळ्यात वाईट, कारण दिवा लागलेला दिसतो आणि सगळ्यांना वाटतं सेन्सर चालू आहे. उपाय एकच, आतल्या जोडीचे ट्रान्समीटर-रिसीव्हर अदलाबदल करा आणि सहा कोअरची केबल ओढा. काही सेन्सरमध्ये दोन जोड्या वेगळ्या ठोक्यावर चालवायचा जम्पर असतो. तुमच्यात असेल तर तोही वेगवेगळा ठेवा, पण त्यावर भिस्त ठेवून जागा तशीच ठेवू नका.

अदलाबदल केल्यावरही दिवा विझत नसेल तर परावर्तन बघा. १५ मीटरचा सेन्सर ५ मीटरवर लावला की किरण जोरकस असतो. शेजारची ग्रॅनाइटची पाटी किंवा ऑइल पेंटची भिंत त्याला वळसा घालून पोहोचवते. रेंज कमी करायचा जम्पर असतो, तो कमीवर घ्या. नसेल तर ट्रान्समीटरला आतून काळी टोपी. पण अति कमी करू नका, पाऊस आणि धुक्यात पाकिटावरची रेंज निम्म्यावर येते, तेवढी जागा राखून ठेवा.

ट्रान्समीटर चालू आहे का हे बघायला मोबाइलचा कॅमेरा त्याच्या भिंगाकडे धरा, जांभळट ठिपका दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढच्या कॅमेऱ्याने बघा. कित्येक फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड अडवणारी काच असते.

लेव्हलपाइप

केबल पुन्हा ओढताच आहात तर पावसाची तयारी करून घ्या. केबल सेन्सरमध्ये खालूनच जाऊ द्या, ग्लँड (केबल शिरते तिथलं आवळायचं बूच) घट्ट, आणि आत शिरण्याआधी वायरला खाली एक वळसा ठेवा म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी वळशाच्या तळाशी टपकेल. खोक्याच्या मागे वर आणि दोन्ही बाजूंनी सिलिकॉन लावा, खालची कड मोकळी सोडा. आत दमट हवा राहिली तर भिंगावर आतून वाफ धरते आणि सकाळी सकाळी गेट अडतं.

सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचं मागा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांब्याला गंज चढवतं, टर्मिनलजवळ ते नको. पाइपची दोन्ही तोंडं बुजवा, नाहीतर मुंग्या पाइपमधून थेट रिसीव्हरमध्ये घर करतात. रिलेच्या कॉन्टॅक्टमध्ये चिरडलेली मुंगी हे गेट न मिटण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे.

वॉचमनला एक काम द्या: आठवड्यातून एकदा भिंगं ओल्या सुती फडक्याने पुसणं. कोळ्याची जाळी आणि कुंभारमाशीची मातीची घरटी भिंगावर हमखास येतात. दिवाळीत तोरणं आणि दिव्याच्या माळा सेन्सरच्या रेषेतून जाणार नाहीत हेही त्यालाच बघायला सांगा.

सेक्रेटरीताई_कोथरूड

दोन्ही दोष तसेच निघाले. जम्पर बोर्डाच्या कव्हरखाली प्लगच्या रूपात होता, आणि आतल्या जोडीची अदलाबदल केल्यावर दिवा बरोबर विझतो. आता हात धरला की गेट थांबून उलटं जातं. रिसीव्हरची एक वायर सोडवून पाहिली, गेट उघडतं पण मिटत नाही. पश्चिमेकडे बघणारा रिसीव्हर बाहेरच्या जोडीचा ठेवला आहे, तिथे समोरच्या वडाची सावली आहे.

कामाचं बिल देण्याआधी अजून काय तपासावं? आणि उघडताना गेट पूर्वेच्या भिंतीलगत आतून सरकतं, तिथे मुलं भिंतीला टेकून बसतात. त्या बाजूचं काय?

गेटवायरिंग_धायरी

हाताने तपासणं पुरेसं नाही. युरोपात यासाठी ७०० × ३०० × २०० मिमीचा ठोकळा वापरतात, तीन बाजू काळ्या आणि तीन चकचकीत. तुम्ही त्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका घ्या, तीन बाजूंना काळा कागद, तीन बाजूंना अॅल्युमिनिअम फॉइल. गेट मिटत असताना वाटेत वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा: दोन्ही खांबांजवळ आणि मधोमध, आडवा आणि उभा, फॉइलची बाजू किरणाकडे करूनही. प्रत्येक वेळी थांबून उलटं जायला हवं. मग दोन्ही जोड्यांच्या चारही युनिटचा प्लस एकेक करून काढा. चारही वेळा गेट मिटायला नकार दिला पाहिजे. हे दर महिन्याला वॉचमनसमोर करा आणि वहीत तारीख लिहा. बोर्डवर फोटोटेस्ट असेल तर राखीव दोनपैकी एक वायर त्याच्यासाठी वापरा: ट्रान्समीटरचा प्लस त्या टर्मिनलवर जातो, बोर्ड प्रत्येक फेरीआधी तो क्षणभर बंद करून रिसीव्हर तुटतो का ते स्वतःच बघतो. रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले तरी मग ते लपत नाही.

पूर्वेच्या बाजूचा प्रश्न योग्य आहे आणि वरच्या दोन जोड्या तिथे काहीच करत नाहीत. गेटचं मागचं टोक आणि खांब किंवा शेवटची भिंत यांच्यात माणूस चेपला जातो. शिवाय गेटच्या गजांमधून हात घातलेला असेल तर खांबापाशी तो कातरला जातो. पहिलं काम सुतारा-लोहाराचं: गेट सरकतं त्या पूर्ण लांबीला आतल्या बाजूने बारीक जाळीचं कुंपण, निदान दोन मीटर उंच, आणि गेटच्या गजांवरही पत्रा किंवा बारीक जाळी. मूल तिथे पोहोचलंच नाही की प्रश्न सुटला. दुसरं, खांबाच्या कडेला आणि गेटच्या मागच्या टोकाला रबरी सेफ्टी एज (दबली की गेट थांबवणारी पट्टी). तिच्या एका टोकाला ८.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो. दबली की शॉर्ट, वायर तुटली की ओपन, दोन्ही वेळा बोर्डाला कळतं. बोर्डवर ८.२ किलोओहमचं इनपुट असेल तर थेट तिथे जोडा. नसेल तर मध्ये तिचा रिले मॉड्यूल लागतो, आणि त्याचा कॉन्टॅक्ट बोर्डाच्या ‘उघडताना थांब’वाल्या इनपुटला एनसीने द्यायचा. खांबावरची एज स्थिर असते म्हणून वायर सोपी जाते. गेटवरची एज हलत असल्यामुळे तिला रेडिओ किंवा गुंडाळणारी केबल लागते, तेव्हा खांबावरची आधी लावा.